मित्रबुरशीला ऊन सोसेना

उसाच्या सरीत कुदळ मारताना कधी कधी एक विलक्षण गोष्ट हाती लागते. हुमणीची अळी असते, नेहमीसारखीच अर्धवर्तुळात वळलेली. पण मऊ, पांढुरकी, वळवळणारी नव्हे. ती खडूसारखी कडक झालेली असते आणि तिच्या अंगभर गर्द हिरवी भुकटी माखलेली असते. कोल्हापूर-सांगलीकडच्या ज्या शेतकऱ्यांनी हुमणीसाठी ‘मेटारायझियम’ वापरले आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचे आहे. ती हिरवी भुकटी म्हणजे मेटारायझियम या बुरशीचे लक्षावधी बीजाणू. अळीला आतून पोखरून, मारून, बुरशी बाहेर आली आणि तिने पुढच्या अळीसाठी बीजाणू तयार ठेवले.

हीच बुरशी शेणखतात मिसळून मातीत घातली तर चांगले काम करते. पण तीच भर दुपारी तुरीच्या किंवा कपाशीच्या पानांवर फवारली तर बहुतेक वेळा निराशा पदरी पडते. पाकीट तेच, बुरशी तीच, कीडही तिला बळी पडणारी. मग बिघडते कुठे? मातीत सावली आणि ओल असते, पानावर ऊन असते. अळीच्या अंगात शिरण्याआधीच बीजाणू उन्हाने मरून जातात. ‘जैविक औषध काही कामाचे नाही’ असे म्हणून शेतकरी पुन्हा रासायनिक कीटकनाशकाच्या डब्याकडे वळतो, आणि त्याचा दोष नसतो.

म्हणूनच गेली तीसेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत एक प्रश्न विचारला जातो आहे. शेतकऱ्याच्या उपयोगी पडणाऱ्या या बुरशींनाच काटक करता येईल का? त्यांच्या जनुकांत फेरफार करून त्यांना ऊन, उष्णता, कोरडेपणा सोसायला शिकवता येईल का? उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. पण त्या ‘होय’मागे आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ शेतीचा नाही, आपल्या आरोग्याचाही आहे.

जुनी ओळख

बुरशी कीटकांना मारते हे काही आजचे ज्ञान नाही. इटलीतील अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५मध्ये दाखवून दिले की, रेशमाच्या किड्यांवर पडणारा पांढऱ्या भुकटीचा रोग एका बुरशीमुळे होतो आणि तो एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. पाश्चर आणि कॉख यांचा जंतुसिद्धान्त त्यानंतरचा. त्या बुरशीला पुढे बास्सींचेच नाव मिळाले : बिव्हेरिया बॅसियाना. आज आपल्या कृषी सेवा केंद्रांत पांढरी माशी, बोंडअळी यांच्यासाठी मिळणारी बिव्हेरिया ती हीच. १८७९मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर हिरवी बुरशी सापडली. तिचा कीड मारण्यासाठी उपयोग करावा, ही कल्पना मांडणारे होते इल्या मेचनिकॉफ. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात हे दाखवल्याबद्दल पुढे १९०८मध्ये ज्यांना नोबेल मिळाले, तेच हे शास्त्रज्ञ.

तिसरी मित्रबुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. ही किडीवर नव्हे, तर रोगकारक बुरशींवर तुटून पडते. हरभऱ्याची मर, हळदीची कंदकूज, डाळिंबाची मर या रोगांच्या बंदोबस्तासाठी ती बियाण्याला चोळतात, शेणखतात मिसळतात किंवा आळवणीतून देतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मेटारायझियमवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे आणि राज्यातील कृषी विद्यापीठे या बुरशींची उत्पादने तयार करून विकतात. म्हणजे या बुरशी आपल्याकडे नव्या नाहीत. नवा आहे तो त्यांना बदलण्याचा प्रयत्न.

कीटक मारणाऱ्या बुरशीची कामाची रीत समजून घेतली की तिची अडचण लक्षात येते. रासायनिक औषध किडीच्या अंगावर पडले की काही मिनिटांत किंवा तासांत परिणाम करते. बुरशीचे तसे नाही. तिचा बीजाणू किडीच्या अंगावर चिकटावा लागतो, ओलावा मिळून तो रुजावा लागतो, मग त्यातून निघालेला तंतू किडीची कातडी विरघळवून आत शिरतो आणि तिच्या रक्तात वाढतो. कीड मरायला साधारण चार दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत वेळ लागतो. यातले पहिले काही तास सर्वांत नाजूक. बीजाणू उघड्यावर पडलेला असतो आणि त्याला कोणताही आडोसा नसतो.

उन्हात नेमके काय होते?

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, विशेषतः त्यांतला ‘यूव्ही-बी’ हा पट्टा, बीजाणूच्या डीएनएवर थेट घाव घालतो. डीएनएच्या साखळीत शेजारी शेजारी असलेले दोन घटक या किरणांमुळे एकमेकांना चिकटतात. अंगरख्याच्या गुंड्या चुकीच्या काजात अडकाव्यात तसे होते. पुढे डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या गाठीपाशी अडते. अशा गाठी थोड्या असतील तर पेशी त्या सोडवते. फार झाल्या तर बीजाणू रुजतच नाही. आपल्या त्वचेच्या पेशींवर उन्हाचा होणारा परिणामही मुळात याच प्रकारचा आहे.

या गाठी सोडवणारे एक विकर अनेक सजीवांकडे असते. त्याचे नाव फोटोलायेज. गंमत अशी की, हे विकर कामासाठी लागणारी ऊर्जा प्रकाशातूनच घेते. अतिनील किरणांनी केलेले नुकसान ते निळ्या प्रकाशाच्या बळावर दुरुस्त करते. मेटारायझियमकडेही स्वतःचे फोटोलायेज असते, पण ते भर उन्हाला पुरे पडत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील रेमंड सेंट लेजर आणि वेइगुओ फांग यांनी २०१२मध्ये यावर एक उपाय प्रसिद्ध केला. बुरशीचे स्वतःचेच फोटोलायेज वाढवून पाहिले, तर फायदा जेमतेमच झाला. मग त्यांनी ते उसने आणले हॅलोबॅक्टेरियम नावाच्या सूक्ष्मजीवाकडून. हा जीव कुठे राहतो? मिठागरात. उन्हाळ्यात मिठागराच्या खाचरातले पाणी आटत जाऊन दाट झाले की ते कधी कधी गुलाबी दिसू लागते, खारवलेल्या माशांवर कधी कधी लालसर झाक येते. त्यामागे असतात ते मीठप्रेमी सूक्ष्मजीव या कुळातले. दिवसभर रणरणत्या उन्हात, मिठाच्या दाट पाण्यात जगायचे म्हणजे डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा जबरदस्तच हवी. ती तशी आहेही.

मिठागरातल्या या जीवाचे जनुक मेटारायझियम आणि बिव्हेरिया या दोघींत घातल्यावर फरक ठळक दिसला. मूळ बुरशीचे बीजाणू काही तास उन्हात ठेवले तर त्यांची मलेरियाचे डास मारण्याची ताकद संपून जात होती. नवे जनुक घातलेले बीजाणू तेवढेच ऊन खाऊनही डासांना मारत होते. किडीला मारण्याची बुरशीची मूळ रीत बदललेली नव्हती. बदलली होती ती फक्त वाट पाहण्याची ताकद.

दुसरी वाट रंगाची आहे. आपल्या त्वचेला काळेपणा देणारे मेलॅनिन अनेक बुरशींच्या बीजाणूंमध्येही असते आणि ते उन्हापासून आडोसा देते. बिव्हेरियाचे बीजाणू पांढरे. त्यांना ही ढाल नाही. चीनमधील संशोधकांनी मेलॅनिन तयार करण्याच्या साखळीतले एक विकर दुसऱ्या बुरशीकडून बिव्हेरियाला दिले, तेव्हा तिची अतिनील किरण सोसण्याची ताकद वाढली.

उष्णतेचा दुसरा मोर्चा

ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हापासून पानाच्या खालच्या बाजूला आडोसा मिळेल, उष्णतेपासून मिळत नाही. मेटारायझियमला साधारण २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान मानवते. ३५च्या पुढे तिची वाढ मंदावते आणि ३७च्या आसपास बहुतेक वाणांची वाढ थांबते. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. पत्र्याच्या गोदामातले, बंद टेम्पोतले तापमान त्याहून अधिक असते. शेतापर्यंत पोहोचण्याआधीच पाकिटातले कितीतरी बीजाणू मेलेले असतात.

टोळांच्या बाबतीत तर कीडच उष्णतेचा हत्यारासारखा वापर करते. बुरशीची लागण झालेला टोळ उन्हात बसून अंग तापवतो. त्याचे शरीर ३८-४० अंशांपर्यंत तापले की आतली बुरशी ढेपाळते. आपल्याला ताप येतो तसाच हा ताप. फक्त तो सूर्याकडून उसना घेतलेला. मे २०२०मध्ये टोळधाड विदर्भापर्यंत आली होती, हे वाचकांना आठवत असेल. आफ्रिकेत टोळांसाठी मेटारायझियमच्याच एका जातीचे औषध वापरले जाते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून ते पुढे आले. त्यात बीजाणू पाण्याऐवजी तेलात मिसळले होते, त्यामुळे ते कोरड्या हवेतही टिकले. जनुकाला हातही न लावता मिळालेले हे यश होते, पण टोळाच्या तापापुढे बुरशीची गती मंदच राहिली.

उष्णता सोसण्यासाठी बुरशीकडे दोन मोठी साधने आहेत. एक म्हणजे ट्रेहॅलोज नावाची साखर. अळिंबीतही ती भरपूर असते. पेशीतले पाणी कमी झाले किंवा तापमान चढले की ही साखर प्रथिनांना आणि पेशीच्या पटलांना सावरून धरते. बुरशीकडे ही साखर तोडणारे एक विकरही असते. चीनमधील चोंगचिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०११मध्ये टोळांवरच्या मेटारायझियममध्ये त्या विकराचे जनुक मंद केले. बीजाणूंमध्ये साखर अधिक साठली आणि ते उष्णतेत अधिक टिकले. म्हणजे प्रत्येक वेळी परके जनुक आणावेच लागते असे नाही. कधी कधी घरातली गळती बंद केली तरी पुरते.

दुसरे साधन म्हणजे ‘हीट शॉक प्रोटिन्स’, म्हणजे तापमान वाढल्यावर धावून येणारी प्रथिने. उष्णतेने इतर प्रथिनांची घडी विस्कटते. ही प्रथिने ती पुन्हा बसवतात. स्पेनमधील सालामांका विद्यापीठाच्या गटाने २००८मध्ये ट्रायकोडर्मातले असे एक जनुक, एचएसपी-७०, अधिक जोमाने चालू केले. त्या बुरशीला उष्णता तर अधिक सोसलीच, पण क्षार आणि इतर ताणही अधिक सोसले. खारपड जमिनीत ट्रायकोडर्मा वापरू पाहणाऱ्यांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे. वेगवेगळ्या ताणांविरुद्धच्या पेशीच्या लढाया मुळाशी एकमेकींशी जोडलेल्या असतात, हेही त्यातून दिसले.

जनुक न घालताही

‘जनुकीय सुधारणा’ म्हटले की बाहेरचे जनुक घालणे एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात वाटा अनेक आहेत आणि त्यांतल्या काही बऱ्याच जुन्या आहेत.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मावर अतिनील किरण सोडून तिच्यात बदल घडवले आणि बेनोमिल या बुरशीनाशकाला दाद न देणारे वाण निवडले. बेनोमिल वनस्पतीत आणि मातीत गेल्यावर त्याचे कार्बेन्डाझिम होते, आणि कार्बेन्डाझिम हे नाव आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. साधी ट्रायकोडर्मा त्यापुढे टिकत नाही. बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम आणि लगेच ट्रायकोडर्मा चोळणारा शेतकरी नकळत एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेत असतो. बुरशीनाशक हाही मित्रबुरशीवरचा एक ताणच आहे.

कॉर्नेल विद्यापीठात गॅरी हरमन यांच्या गटाने आणखी वेगळी वाट घेतली. मुळांभोवती चांगली वाढणारी एक ट्रायकोडर्मा आणि लोहाचा तुटवडा असतानाही जिवाणूंशी झुंजणारी दुसरी ट्रायकोडर्मा घेतली. दोघींच्या पेशींवरची भिंत विरघळवून त्या एकमेकींत मिसळू दिल्या. त्यातून निवडलेला ‘टी-२२’ हा वाण पुढे जगभर विकला गेला. आपल्याकडे मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरणांच्या साहाय्याने ट्रायकोडर्माचा सुधारित वाण मिळवून बीजप्रक्रियेसाठी त्याचे उत्पादन तयार केले. त्यामागचा हेतू रोग अधिक चांगला रोखण्याचा होता. पण पद्धत हीच. किरणांनी बदल घडवायचे, हजारो वसाहतींतून उपयोगी तेवढ्या निवडायच्या.

मेटारायझियमला तर चक्क तालीम दिली गेली. अमेरिकेतील एका गटाने ती सतत वाढत राहील अशा बंद नळीत ठेवली आणि तापमान हळूहळू चढवत नेले. सुमारे चार महिन्यांत, वाढीच्या २२ फेऱ्यांनंतर, ३६.५ अंशांवर जोमाने वाढणारे वाण हाती आले. मूळ वाण त्या तापमानाला कसाबसा तग धरत असे. नवे वाण ३७ अंशांवरही थोडे वाढले. किडींना मारण्याची ताकद त्यांनी गमावली नव्हती, पण ती थोडी बदलली होती. निवडीच्या दबावाखाली एक गुण वाढवताना दुसरा हलतो, हा अनुभव संकरित बियाणे करणाऱ्यांनाही आहे.

एक वाट तर जनुकांना स्पर्शही करत नाही. ब्राझीलचे संशोधक द्राउझियो रांगेल यांनी दाखवले की, बुरशी वाढवताना तिला प्रकाशात ठेवले किंवा अर्धपोटी ठेवले, तर तयार होणारे बीजाणू ऊन आणि उष्णता अधिक सोसतात. थोडा ताण आधीच सोसलेली बुरशी काटक बीजाणू देते. हा गुण पुढच्या पिढीत जात नाही. प्रत्येक खेपेला बुरशीला तसेच वाढवावे लागते. पण कारखान्यात बुरशी वाढवणाऱ्यांसाठी तो लगेच वापरता येण्याजोगा आहे.

३७ अंशांची वेस

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. बुरशी काटक झाली की ती आपल्या हाताबाहेर जाईल का?

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, ३७ अंश. हे आपल्या शरीराचे तापमान. जगात बुरशींच्या लक्षावधी जाती आहेत, पण माणसाला आजारी पाडणाऱ्या फारच थोड्या. त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे बहुतेक बुरशींना आपले गरम शरीरच मानवत नाही. मेटारायझियम, बिव्हेरिया या बुरशी माणसाला सुरक्षित मानल्या जातात त्यामागेही हे एक कारण आहे. डोळ्याला झालेल्या संसर्गाच्या तुरळक घटना वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि डोळ्याचा पृष्ठभाग शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतो हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अशा वेळी बुरशीला ३७ अंशांवर वाढायला शिकवणे म्हणजे एका नैसर्गिक वेशीला हात लावणे होय. याचा अर्थ ती लगेच रोगकारक होते असे नाही. माणसाला आजारी पाडायला तापमानाखेरीज इतर अनेक गुण लागतात. तरीही ही वेस सहज ओलांडू नये. २००९मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदलेली आणि पुढे अनेक देशांतल्या रुग्णालयांत पसरलेली कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी हवामान तापत गेल्याने उष्णतेला सरावली असावी, असा तर्क जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे आर्तुरो कासादेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही; पण तापत्या जगात बुरशींच्या उष्णतासहनशीलतेकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे, एवढे तरी तो सांगतो.

म्हणून ‘काटक बुरशी’ असा सरसकट शब्द वापरून चालणार नाही. कोणता ताण, हे आधी विचारले पाहिजे. अतिनील किरणांनी झालेली डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारे विकर बुरशीला उन्हात काही तास अधिक जगवते, पण आपल्या शरीरात वाढण्याची कोणतीही नवी ताकद देत नाही. बीजाणूतली साखर वाढवली तर तो गोदामातल्या उष्णतेत तग धरतो. तग धरणे आणि त्या तापमानाला वाढणे यांत फरक आहे. वाढीची कमाल मर्यादाच वर सरकवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिची तपासणीही वेगळी, अधिक कडक हवी.

दुसरी शंका पर्यावरणाची. बदललेली बुरशी शेतात किती काळ टिकेल? मेरीलँडच्याच गटाने एका कोबीच्या शेतात जेलीफिशचे चमकणारे जनुक घातलेली मेटारायझियम सोडून पाहिले होते. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, मोकळ्या मातीत काही महिन्यांत तिची संख्या ग्रॅममागे लाखावरून हजारावर आली. कोबीच्या मुळांलगत मात्र ती लाखावर टिकून राहिली. म्हणजे ही बुरशी नुसती किडीची शत्रू नाही, मुळांची भाडेकरूही आहे. ती किती दिवस राहील हे फवारणीच्या तारखेवर नाही, पिकाच्या मुळांवर ठरते. मधमाश्या, मातीतले इतर कीटक, नैसर्गिक बुरशी यांच्यावर काय परिणाम होईल, हे तपासायचे तर वर्षानुवर्षांचे निरीक्षण लागेल.

काटकपणा नेहमीच हवा असतो असेही नाही, हे पश्चिम आफ्रिकेतला एक प्रयोग सांगतो. बुर्किना फासोमधील सुमुसो गावाजवळ जाळीने बंदिस्त केलेल्या मोठ्या जागेत मलेरियाच्या डासांवर जनुकबदल केलेली मेटारायझियम वापरली गेली. तिच्यात ऑस्ट्रेलियातील एका कोळ्याच्या विषाचे जनुक होते आणि ते कीटकाच्या रक्तात शिरल्यावरच चालू होईल अशी कळ जोडलेली होती. बीजाणू तिळाच्या तेलात मिसळून काळ्या सुती कापडावर लावले होते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ४५ दिवसांनी बुरशी नसलेल्या भागात १,३९६ डास होते, साध्या बुरशीच्या भागात ४५५ आणि बदललेल्या बुरशीच्या भागात फक्त १३. हे कापड घरात, सावलीत टांगायचे असते. तिथे बुरशीला ऊन सोसण्याची गरजच नाही. उलट ती चुकून बाहेर गेली तर उन्हाने मरेल, हा एक आपोआप मिळालेला बंदोबस्त आहे. तिथे तिचा नाजूकपणा हाच उपयोगाचा गुण ठरतो.

आपल्याकडे काय?

भारतात जनुकबदल केलेला सूक्ष्मजीव शेतात सोडायचा तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९चे नियम लागू होतात आणि जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते. जैविक कीटकनाशक म्हणून विकायचे तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीही लागते. २०२२मध्ये केंद्र सरकारने परके जनुक न घालता केलेल्या काही प्रकारच्या जनुकसंपादनाला सवलत दिली, पण ती वनस्पतींसाठी आहे. बुरशीचे स्वतःचेच जनुक मंद करणाऱ्या संपादनाला कोणता नियम लावायचा, याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. मिठागरातले जनुक घालणे, साखर तोडणारे विकर मंद करणे आणि किरणांनी बदल घडवून निवड करणे या तिन्हींना एकच माप लावणे योग्य नाही, आणि कोणालाच माप न लावणे त्याहून योग्य नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे तातडी आहे. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे, शेतमजुरांचे जीव गेले. रासायनिक कीटकनाशकांना पर्याय हवा हे तेव्हापासून अनेकदा बोलले गेले. पण पर्याय शेतात चालला तरच तो पर्याय. शेतकऱ्याने एका हंगामात जैविक औषधावर विश्वास ठेवला आणि पीक गेले, तर तो पुढची अनेक वर्षे त्याच्याकडे पाहणार नाही.

आणि इथे प्रयोगशाळेची वाट न पाहता बरेच काही करता येते. बुरशीची फवारणी सकाळी दहा-अकराला नव्हे, सूर्य कलल्यावर करावी. रात्रभराची थंड, दमट हवा हा बीजाणूला मिळणारा सर्वांत मोठा आधार आहे. फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही पोहोचवावा. हुमणीसाठी मेटारायझियम चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत द्यावे. बुरशीनाशक आणि मित्रबुरशी एकत्र मिसळू नयेत. आधीच बुरशीनाशक दिले असेल तर किती दिवस थांबायचे हे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ठरवावे. पाकीट घेताना उत्पादनाची तारीख आणि ‘सीएफयू’ पाहावा. सीएफयू म्हणजे एका ग्रॅममध्ये वाढू शकणाऱ्या जिवंत बीजाणूंची संख्या. नोंदणीच्या निकषांनुसार तो ट्रायकोडर्मासाठी ग्रॅममागे किमान २० लाख आणि बिव्हेरियासाठी किमान १० कोटी हवा. पण हा आकडा पाकीट भरतानाचा असतो. दुकानाच्या काचेमागे उन्हात महिनाभर पडलेल्या पाकिटात तो किती उरला, हे लेबल सांगत नाही. घरी आणल्यावर पाकीट थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा पत्र्याखाली नव्हे.

कारखान्यापासून शेतापर्यंत दुधाची, लसीची शीतसाखळी आपण उभारली. बुरशीही जिवंत आहे, पण तिची वाहतूक मात्र आपण खताच्या पोत्यासारखी करतो. आज पाकिटातली अर्धी बुरशी वाटेतच मरत असेल, तर सर्वांत काटक जनुकही त्या वाटेवर वाया जाईल. म्हणून काम दोन्ही बाजूंनी व्हायला हवे. ऊन सोसण्याचे, साठवणीत टिकण्याचे गुण वाढवणारे संशोधन आपल्या प्रयोगशाळांत व्हावे, त्याची चाचणी बंदिस्त जागेत आणि मग मर्यादित शेतांत व्हावी, आणि ३७ अंशांची वेस ओलांडणाऱ्या वाणांना कडक तपासणीशिवाय बाहेर सोडू नये. तोवर हुमणीच्या अळीवरची ती हिरवी भुकटी आपल्याला सांगतेच आहे की, सावली आणि ओल मिळाली तर ही बुरशी आहे तशीही आपले काम चोख करते.